खाडीतल्या माशात कारखान्याचं विष किती साठतं, याचं मॉडेल पहिल्यांदा बनवताना

नवीन माणूस या विषयात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पाण्याचा रिपोर्ट तर चांगला आलाय मग माशात एवढं कसं सापडलं? मीपण हाच प्रश्न घेऊन आलो होतो. उत्तर असं की मासा फक्त पाण्यात राहत नाही, तो खातो, आणि जे खातो ते गाळात वाढलेलं असतं. खाडीचं मॉडेल म्हणजे निम्म्याहून जास्त गाळाचा आणि खाण्याचा हिशोब, पाणी त्यातला एक भाग. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळी बेरीज-वजाबाकीच आहे, खरंच.

खाली मी ज्या क्रमाने शिकवतो त्या क्रमाने लिहितोय. एक्सेल पुरे आहे, पायथन किंवा आर (प्रोग्रामिंगच्या भाषा) येत असेल तर मजा, पण पहिल्या दिवशी त्याची गरज नाही.

आधी ठरवा, कोणतं विष

"प्रदूषण" असं मॉडेल करता येत नाही. एक पदार्थ निवडा. कारण प्रत्येकाचं शरीरात जाणं, राहणं, बाहेर पडणं वेगळं.

पहिला गट चरबीत विरघळणारे, म्हणजे पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असायचे ते), डीडीटी, डायॉक्सिन वगैरे. यांना पाणी आवडत नाही, चरबी आवडते. किती आवडते ते सांगणारा एक आकडा असतो, केओडब्ल्यू, म्हणजे ऑक्टेनॉल नावाच्या तेलकट द्रवात आणि पाण्यात तो पदार्थ कसा वाटला जातो ते गुणोत्तर. हा इतका मोठा असतो की त्याचा लॉग घेऊनच बोलतात. नॅप्थलीनचा लॉग साधारण ३.३, बऱ्याच पीसीबींचा ५ ते ८ च्या मधे. आणि हो, पीसीबी हा एक पदार्थ नाही, २०९ आहेत, "टोटल पीसीबी" म्हणून एकच केओडब्ल्यू टाकून मॉडेल चालवणाऱ्यांना मी आधी प्रेमाने समजावतो, नंतर प्रेम संपतं. लॅबकडून वेगवेगळे आकडे मागा आणि निदान तीन-चार प्रकार वेगळे चालवा.

दुसरा गट पारा. इथे चरबीचा काही संबंध नाही. कारखान्यातून बऱ्याचदा साधा अजैविक पारा बाहेर पडतो, आणि गाळात जिथे ऑक्सिजन नसतो तिथले जिवाणू, मुख्यतः सल्फेटवर जगणारे, त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते प्रथिनांना चिकटतं आणि माशाच्या मांसात सापडणारा पारा बहुतेक याच रूपात असतो. जपानच्या मिनामाटामधे तर कारखान्यातूनच मिथाइल मर्क्युरी समुद्रात जात होतं, आजार १९५६ मधे अधिकृतपणे नोंदला गेला आणि सोडणं थांबलं १९६८ मधे. म्हणून पाऱ्याच्या मॉडेलला केओडब्ल्यू लावू नका, तिथे खाण्यातून किती शोषलं गेलं आणि किती हळू बाहेर पडलं एवढंच बघायचं.

तिसरे पीएएच, म्हणजे डांबर-तेल-जळणातून येणारे. हे चरबीत जातात पण मासा यांना लिव्हरमधे मोडून टाकतो, त्यामुळे शिंपल्यात भरपूर आणि माशात कमी असं चित्र दिसतं. मॉडेलमधे मोडण्याचा दर शून्य ठेवलात तर माशात न सापडणारा ढीग दिसेल. पीएफओएससारखे (आग विझवण्याच्या फेसात वापरलं गेलेलं रसायन) पदार्थ रक्तातल्या आणि लिव्हरमधल्या प्रथिनांना धरून बसतात, त्यांना चरबीचं गणित लावलं की उत्तर फसवं येतं. कॅडमियमसारखे धातू तर आणखी वेगळे, पाणी खारट झालं की क्लोराइडबरोबर बांधले जातात आणि कल्ल्यातून आत जायला मोकळे कमी उरतात.

सुरुवातीला पहिल्या गटातलाच एखादा घ्या, मोडत नाही असा. हिशोब सर्वात स्वच्छ तिथेच होतो.

एक मासा, एक समीकरण

अख्खं अन्नजाळं लगेच काढायला बसू नका. एक मासा घ्या आणि कागदावर लिहा: माशातल्या विषाचा रोजचा बदल = कल्ल्यातून आलेलं + खाण्यातून आलेलं − (कल्ल्यातून परत गेलेलं + विष्ठेतून गेलेलं + मोडलेलं + वाढीमुळे पातळ झालेलं).

वाढीमुळे पातळ होणं हे नवीन लोकांना पटत नाही, विष बाहेर कुठे गेलं मग? कुठेच नाही गेलं. माशाचं वजन दुप्पट झालं आणि विष तेवढंच राहिलं की किलोमागचा आकडा निम्मा, एवढंच.

या प्रत्येक वाटेला एक दर असतो. जगभर खूप वापरलं जाणारं एक मॉडेल आर्नोट आणि गोबास यांचं २००४ चं, त्यातली सूत्रं घेतली तर वजन, तापमान, ऑक्सिजन आणि केओडब्ल्यू यावरून हे दर काढता येतात. आपण अर्ध्या किलोचा मासा घेऊ, पाणी २५ अंश, ऑक्सिजन लिटरला ७ मिलिग्रॅम, चरबी ५ टक्के, आणि लॉग केओडब्ल्यू बरोब्बर ६ (म्हणजे केओडब्ल्यू दहा लाख) असलेला न मोडणारा पदार्थ. आकडे शिकण्यासाठी घेतलेत, कोणत्या ठरावीक खाडीचे नाहीत.

मासा दिवसाला कल्ल्यांमधून किती पाणी काढतो? १४०० गुणिले वजनाचा ०.६५ घात, भागिले ऑक्सिजन. आलं साधारण १२७ लिटर. अर्ध्या किलोचा मासा रोज सव्वाशे लिटर पाणी गाळतो, मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा दोनदा कॅल्क्युलेटर तपासला होता. त्यातलं जवळपास ५४ टक्के विष आत शोषलं जातं, म्हणजे कल्ल्यातून येण्याचा दर किलोमागे दिवसाला १३८ लिटर.

आता परत जाण्याचा दर. माशाचं शरीर पाण्याच्या तुलनेत किती विष धरू शकतं ते काढा: चरबी ०.०५ गुणिले दहा लाख म्हणजे ५०,०००, शिवाय प्रथिनं वगैरे २० टक्के धरली तर तीही चरबीच्या साडेतीन टक्के ताकदीने विष धरतात, ते ७,०००. एकूण ५७,०००. १३८ ला ५७,००० ने भागा, ०.००२४ प्रतिदिन. बघा, आत यायला दार सताड उघडं आणि बाहेर पडायला सुईचं नाकं.

वाढीचा दर याच सूत्रांनी ०.००२९ आला. विष्ठेचा ०.००१ धरू. मोडण्याचा शून्य. बाहेर जाणाऱ्यांची बेरीज ०.००६३.

हाच मासा लॉग केओडब्ल्यू ४ च्या पदार्थाला लावून बघा एकदा, मुद्दाम. कल्ल्यातून यायचा दर जवळजवळ तोच राहतो पण परत जाण्याचा दर ०.२४ होतो, शंभरपट. म्हणजे तीन दिवसात निम्मं बाहेर. म्हणूनच तिथे पाणी राजा असतं आणि ६ च्या वर गेलं की खाणं राजा.

पाण्याचा आकडा सरळ टाकू नका

लॅब देते ते बहुतेक वेळा एकूण विष, म्हणजे विरघळलेलं अधिक तरंगत्या कणांना चिकटलेलं. मासा कल्ल्यातून फक्त विरघळलेलं घेतो. खाडीत हा फरक नदी किंवा समुद्रापेक्षा मोठा, कारण गोडं-खारं पाणी भेटतं तिथे गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटून गढूळपणाचा एक पट्टाच तयार होतो आणि तो भरती-ओहोटीबरोबर वर-खाली सरकत राहतो. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) घेतलेलं सॅम्पल आणि भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) घेतलेलं सॅम्पल यात कणांचं प्रमाण खूप बदलू शकतं, तेव्हा सॅम्पलच्या वहीत भरतीची वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा माझ्या दृष्टीने अर्धाच.

हिशोब सोपा. कणांमधला सेंद्रिय कार्बन केओडब्ल्यूच्या साधारण ०.३५ पट ताकदीने विष धरतो, विरघळलेला सेंद्रिय कार्बन ०.०८ पट. कणांचा कार्बन लिटरला १ मिलिग्रॅम, विरघळलेला ५ मिलिग्रॅम असेल तर मोकळा भाग = १ भागिले (१ + ०.३५ + ०.४), म्हणजे ५७ टक्के. लॅबने १ नॅनोग्रॅम प्रतिलिटर दिलं तर मॉडेलमधे ०.५७ जाणार.

मीठ पण बघायचं. खाऱ्या पाण्यात असे पदार्थ थोडे कमी विरघळतात, त्यामुळे पूर्ण समुद्री खारेपणाला केओडब्ल्यू अंदाजे ४० टक्क्यांपर्यंत वाढवून धरावा लागतो. पहिल्या आवृत्तीत नाही धरलं तरी चालेल, वहीत नोंद ठेवा.

आता गाळ, इथे वेळ काढा

गाळाचा आकडा सुक्या वजनावर येतो, माशाचा ओल्या वजनावर. हे वाक्य भिंतीवर चिकटवा. माझ्या पहिल्याच मॉडेलमधे एका लॅबने शिंपल्यांचे आकडे सुक्या वजनावर पाठवले होते, रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नाही, शिंपल्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास त्यामुळे सगळा हिशोब पाचपट फुगला आणि मी तीन आठवडे कुठला तरी नवा "अज्ञात स्रोत" शोधत बसलो होतो. स्रोत माझ्या चष्म्यात होता.

तर गाळात २० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो सुकं, आणि सेंद्रिय कार्बन २ टक्के. कार्बनमागे १,००० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. हे भागणं सोडू नका, रेती आणि चिखल यांची तुलना फक्त अशीच होते, नाहीतर रेताड जागा उगाच स्वच्छ दिसते. गाळात राहणाऱ्या किड्याच्या चरबीतलं प्रमाण गाळाच्या कार्बनमधल्या प्रमाणाच्या एक ते दोन पटीत साधारण बसतं, आपण दीडपट धरू. किड्यात चरबी २ टक्के, म्हणजे १,००० गुणिले १.५ गुणिले ०.०२, किड्यात ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो ओलं.

इथे थांबून एक तपासणी करा, फार थोडे लोक करतात. वरच्या पाण्याशी समतोलात असता तर गाळ किती असायला हवा होता? ०.३५ गुणिले दहा लाख गुणिले ०.५७ नॅनोग्रॅम, म्हणजे कार्बनमागे साधारण २०० मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात १,०००. गाळ पाण्यापेक्षा पाचपट वर. याचा अर्थ हे जुनं देणं आहे, पूर्वी कधीतरी खूप सोडलं गेलं आणि ते खाली बसलंय. पाण्याचे रिपोर्ट चांगले येण्याचं आणि मासे तसे न येण्याचं कारण याच एका गुणोत्तरात दिसतं. हे गुणोत्तर एकच्या जवळ आलं तर खाडी सध्याच्या सोडण्यावर चाललीये, एकच्या खाली आलं तर नवीन स्रोत शोधा.

जोडा सगळं

मासा रोज वजनाच्या २ टक्के खातो, फक्त हेच किडे खातो असं धरू, आणि खाल्लेल्यातलं ४३.५ टक्के विष अंगी लागतं. खाण्याचा दर ०.०२ गुणिले ०.४३५, म्हणजे ०.००८७. रोज खाण्यातून: ०.००८७ गुणिले ३०,००० नॅनोग्रॅम, २६१. रोज कल्ल्यातून: १३८ गुणिले ०.५७, ७९. बेरीज ३४०. येणारं आणि जाणारं बरोबरीत येऊन आकडा स्थिर होतो ती पातळी (स्टेडी स्टेट) काढायला ३४० भागिले ०.००६३, आला सुमारे ५४,००० नॅनोग्रॅम म्हणजे ५४ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो.

नुसत्या पाण्याशी समतोल धरला असता तर ५७,००० गुणिले ०.५७, साडेबत्तीस मायक्रोग्रॅम आले असते. आणि येणाऱ्या विषापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त ताटातून येतंय. हा हिशोब हाताने, कागदावर, निदान एकदा करा. नंतर शंभर प्रजातींचं मॉडेल चालवलंत तरी काही गडबड वाटली की याच कागदाकडे परत यायचं असतं.

मग अन्नजाळं वाढवा. तळापासून वर चढा: सूक्ष्म वनस्पती, त्यावरचे प्राणीप्लवंग, किडे, शिंपले, कोळंबी, खेकडे, गाळ चाटणारी बोई, छोटे मासे, आणि वर मोठा मांसाहारी. सात-आठ गट पुरेत. कोण काय किती टक्के खातो याचा तक्ता बनवा, प्रत्येक ओळीची बेरीज १०० यायला हवी (हसू नका, ९५ वाले तक्ते मी पाहिलेत). पोट फाडून बघितलेला डेटा मिळाला तर उत्तम, पण पोटात दिसतं ते कालचं जेवण, म्हणून नायट्रोजन-१५ च्या समस्थानिकाचा डेटा असेल तर तोही घ्या, एकेक पायरी वर गेलं की तो साधारण ३.४ प्रति हजार वाढतो, त्यामुळे कोण खरंच वरच्या पायरीवर आहे ते कळतं.

एक इशारा. रोजचा टप्पा घेऊन एक्सेलमधे चालवलंत तर सूक्ष्म वनस्पतींचे आकडे वेडेवाकडे नाचू शकतात, उणे पण येऊ शकतात. माझे आले होते, उणे विष असलेला प्लवंग. त्यांचा दर इतका वेगवान असतो की एका दिवसाचा टप्पा त्यांना झेपत नाही. त्यांना सरळ पाण्याशी समतोलात धरा आणि पुढे चला.

मासा एका जागी थांबत नाही

०.६९३ भागिले ०.००६३, म्हणजे आपल्या माशाला त्या स्थिर पातळीच्या निम्म्यावर पोचायला ११० दिवस. ९५ टक्क्यांवर पोचायला सुमारे १६ महिने. आता जो मासा पिल्लू असताना चार महिने खाडीत राहून समुद्रात निघून जातो तो ५३ टक्क्यांवरच निघाला. त्याच्यावर स्टेडी स्टेटचा आकडा लावलात तर मॉडेल जवळपास दुप्पट दाखवणार आणि तुम्ही म्हणणार मॉडेल चुकलं. मॉडेल नाही चुकलं, मासा गावाला गेला होता.

म्हणून भटक्या प्रजातींसाठी वेळेनुसार चालणारं रूप वापरा, रोजची नवी पातळी = कालची + आत आलेलं − बाहेर गेलेलं, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात मासा आहे त्याप्रमाणे पाणी आणि गाळाचे आकडे बदला. खाडीचे वरचा, मधला, तोंडाजवळचा असे तीन कप्पे केले तरी बरंच काम होतं. हे सगळं किती नेमकं करायचं हे कोळ्यांशी बोलून ठरवा असं माझं मत, कोणता मासा कधी आत येतो हे त्यांना जितकं ठाऊक असतं तितकं माझ्या कुठल्याच डेटाबेसमधे सापडलं नाही. अंडी घालण्याच्या काळात मादीची चरबी आणि त्याबरोबर विषही अंड्यात जातं, त्यामुळे नर-मादी वेगळे मोजलेले असतील तर एकत्र करू नका.

खरं-खोटं करताना

मोजलेल्या माशांशी तुलना करा, पण ज्या माशांवरून दर जुळवले त्याच माशांवर तपासू नका. प्रत्येक जोडीसाठी मॉडेलचा आकडा भागिले मोजलेला आकडा, त्यांची भौमितिक सरासरी काढा. दुप्पट-तिप्पटीच्या आत असेल तर पहिल्या प्रयत्नाला छान. दहापट गेलं तर दर बदलत बसू नका, आधी युनिट बघा, मग ओलं-सुकं, मग चरबी टक्के, मग आहाराचा तक्ता, या क्रमाने.

लॅबला "सापडलं नाही" आलेले आकडे शून्य धरायचे नाहीत. मोजण्याच्या मर्यादेच्या निम्मं धरणं ही जुनी सवय आहे, फार कमी आकडे तसे असतील तर चालून जातं, अर्ध्याहून जास्त असतील तर मग सरासरीच देऊ नका.

मग एकेक इनपुट दहा टक्के हलवून बघा, उत्तर किती हलतं. बहुतेक वेळा गाळाचा आकडा, सेंद्रिय कार्बन, चरबी आणि केओडब्ल्यू हेच वर येतात. पुढचे पैसे कोणत्या सॅम्पलवर घालायचे ते इथेच ठरतं. त्यानंतर मॉन्टे कार्लो करा, प्रत्येक इनपुटला एक पसारा देऊन हजारवेळा चालवा, आणि उत्तर एक आकडा न देता पट्टा म्हणून द्या.

तयार टूल्स आहेत. गोबास यांच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या गटाचं ॲक्वावेब, अमेरिकेच्या ईपीएचं (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) कीटकनाशकांसाठीचं काबाम, आणि केओडब्ल्यू वगैरे अंदाजायला एपी सूट. वापरा जरूर, पण वरचा कागदी मासा त्यात टाकून उत्तर जुळतंय का ते पहिलं बघा, विष्ठेचा आणि खाण्याचा दर तिथे वेगळा काढतात त्यामुळे थोडा फरक येईल, तो कुठून आला हे सांगता आलं पाहिजे.

"सोडणं बंद केलं तर?"

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, मॉडेल त्यासाठीच बनवलेलं असतं. आपल्या माशात पाण्यातलं विष एकदम शून्य करून बघा, गाळ तसाच. २६१ भागिले ०.००६३, साधारण ४१ मायक्रोग्रॅम. ५४ वरून ४१. आता उलटं, पाणी तसंच ठेवून गाळ निम्मा करा, ३३ च्या आसपास येतो. फरक बघा.

प्रत्यक्षातही असंच होतं. अमेरिकेत जेम्स नदीत केपोन नावाचं कीटकनाशक सोडलं गेलं होतं, १९७५ मधे कारखाना बंद झाला आणि मासेमारीवर बंदी आली, पण ती बंदी पूर्ण उठायला दशकाहून जास्त काळ गेला, स्वच्छ गाळ हळूहळू वर बसत गेला तसं प्रमाण उतरलं. हडसन नदीत पीसीबी सोडणं १९७७ मधे थांबलं तरी २००९ ते २०१५ या काळात गाळ उपसावा लागला. म्हणून मॉडेलमधे गाळालाही स्वतःचा कप्पा द्या: वरचा मिसळणारा थर काही सेंटिमीटर, त्यावर दरवर्षी बसणारा नवा गाळ, खाली पुरला जाणारा, आणि पाण्यात परत निघणारा. वरचा थर ५ सेंटिमीटर आणि दरवर्षी अर्धा सेंटिमीटर स्वच्छ गाळ बसतो धरलं, तर नुसत्या पुरण्याने निम्मं व्हायला साधारण सात वर्षं. गाळ उपसण्याचा पर्याय चालवत असाल तर उपसताना जो ढवळला जातो तो काही महिने पाण्यात वाढवून दाखवा, त्या काळात मासे आधी वर जाऊन मग खाली येतील आणि हे ग्राफमधे आधीच दिसलेलं बरं, नाहीतर पहिल्या वर्षाचे रिपोर्ट आले की सगळे तुम्हाला फोन करतात.

फाइल देताना पहिलं शीट युनिटचं ठेवा. प्रत्येक कॉलमपुढे ओलं की सुकं, एकूण की विरघळलेलं, अख्खा मासा की फक्त मांस, भरतीची वेळ, आणि कोणता आकडा मोजलेला नि कोणता तुम्ही धरलेला. धरलेल्याला पिवळा रंग द्या. माझ्या फाइलमधे अजून अर्धं शीट पिवळं असतं.